पत्र्याच्या पेटीतले कागद : मोबाइलवरच्या स्कॅनिंगच्या नोंदी

14 डिसेंबर 2024, शनिवार

वाचनालयाची मागची खोली झाडून घेतली. उद्यापासून काम सुरू. ठरलंय ते असं : गावात ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांनी ते घेऊन यायचे, मी मोबाइलवर स्कॅन करून त्यांना पेनड्राइव्हवर द्यायचे, आणि कागद त्याच दिवशी संध्याकाळच्या आत ज्याचे त्याच्या घरी गेले पाहिजेत. रात्री एकही कागद माझ्याकडे राहणार नाही. पैसे घ्यायचे नाहीत.

हे का करायचं, ते आमच्या गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपात औसा-उमरग्याच्या पट्ट्यात दगडमातीच्या भिंती आणि वरची माळवदं खाली आली. माणसं गेली, त्यापुढं कागदाचं दुःख कुणी केलं नाही. पण नंतर वारस लावताना, वाटण्या करताना घराघरांतून एकच वाक्य ऐकत मी मोठी झाले : "कागद होता, माळवदाखाली गेला." जे वाचले ते पत्र्याच्या पेट्यांमुळं वाचले. त्या पेट्या आता गंजायला लागल्यात.

सामान : माझा फोन, शाळेतला निकामी झालेला लाकडी फळा, दोन स्टुलं आणि त्यावर आडवी टाकलेली फळी. फळीला फोनच्या कॅमेऱ्याएवढं भोक पाडून घेतलं. फोन फळीवर कॅमेरा खाली करून ठेवायचा, कागद खाली. हात हलत नाही, सावली पडत नाही. फळा काळा आणि बिनचमकीचा असल्यामुळं ॲपला कागदाची कड पटकन सापडते. पांढऱ्या फरशीवर तीच कड ॲप दहा वेळा चुकवत होतं.

15 डिसेंबर, रविवार

पहिली पेटी शेजारच्या आज्जींची. वय 85 च्या पुढं. पेटीच्या तळाशी अजून 93 सालची माती आहे, बोटाला लागते. कागद सुतळीनं बांधलेले, चार पुडकी.

एका दिवसात 63 पानं झाली. त्यात खासरापत्रकाच्या (जमिनीच्या जुन्या नोंदींच्या) नकला, शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाची नोटीस, आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे 38-ई चं प्रमाणपत्र. हैदराबादच्या 1950 च्या कूळ कायद्यातलं हे कलम. संरक्षित कुळाला जमिनीचा मालक ठरवणारं. मराठवाड्याबाहेर कुणाला याचा अर्थ लागत नाही, इथं मात्र "आमची 38-ई ची जमीन हाय" असं म्हातारी माणसं मान ताठ करून सांगतात. आज्जींच्या सासऱ्यांच्या नावाचं आहे. वर "जिल्हा उस्मानाबाद, तालुका औसा". लातूर जिल्हा 16 ऑगस्ट 1982 ला वेगळा झाला, त्याआधी आम्ही उस्मानाबादेतच. उस्मानाबादचं आता धाराशिव झालं. म्हणजे फाइलच्या नावात जिल्हा लिहायचा तर कुठला, हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. कागदावर जे छापलंय तेच लिहायचं असं ठरवलं.

पानं सुंदर दिसतात. मातीचे डाग, पिवळेपणा, घड्या, सगळं ॲपनं साफ केलं. पांढऱ्याशुभ्र पानावर काळीभोर अक्षरं. आज्जींचा नातू पुण्याहून आला होता, 38-ई चा मूळ कागद वकिलांना दाखवायला तो सोबत घेऊन गेला.

17 डिसेंबर, मंगळवार

उजेडाचा अभ्यास. सकाळी साडेआठ ते साडेदहा दाराच्या बाजूनं येणारा उजेड उत्तम. ऊन नको, उजेड हवा. ट्यूबलाइटखाली कागद हिरवट येतो. फ्लॅश कधीच नाही, मधोमध पांढरा ठिपका पडतो आणि जुनी शाई त्यात बुडते.

लॅमिनेशन केलेले कागद फार त्रास देतात. उजेड परततो. फळा थोडा तिरका करून आणि खिडकीचा एक पल्ला लावून जमलं. एका काकांनी विम्याची पावती लॅमिनेशनला दिली होती, ती मशीनमधून काळीठिक्कर बाहेर आली. तो थर्मल कागद, त्याला उष्णता लागली की तो काळा होणारच, आणि नुसता कपाटात ठेवला तरी वर्षा-दोन वर्षांत अक्षर उडतं. बँकेच्या आणि एटीएमच्या स्लिपा त्याच कागदाच्या. आज सगळ्यांना सांगितलं : अशी पावती हातात पडली की त्याच दिवशी स्कॅन, उद्यावर ढकलू नका.

19 डिसेंबर, गुरुवार

फोनचा हिशेब नीट मांडला. 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे 4000 बाय 3000 ठिपके. ए-फोर कागद साधारण पावणेबारा इंच लांब. 4000 भागिले 11.69 केलं की इंचाला 342 ठिपके. नोंदी जतन करायच्या तर 300 पुरेसे धरतात, म्हणजे ए-फोर आणि त्याहून लहान कागदाला आपला फोन पुरतो. लीगल कागद 14 इंच, तिथं 285 येतात, चालतं. पण गावचा जुना नकाशा कापडावर चिकटवलेला आहे, जवळजवळ दोन फूट. तो एका फोटोत घेतला तर इंचाला 170 च्या आसपास, आणि गटांचे आकडे तिथं मुंगीएवढे. तो तुकड्या-तुकड्यांनी घ्यावा लागणार. प्रत्येक तुकडा शेजारच्यावर तिसरा हिस्सा चढलेला पाहिजे, आणि बाजूला पट्टी ठेवायची म्हणजे माप कळेल. पॅनोरमा नको, त्यात बांध वाकडे होतात.

आणखी एक. ॲप आपोआप मोठ्या कोनाच्या लेन्सवर जातं, तेव्हा कागदाच्या कडा फुगतात. 1x वर ठेवून फोन वर उचलायचा. फळीखाली विटा सरकवून उंची वाढवली.

22 डिसेंबर, रविवार

आज लोक फार आले. येळवशीला (वेळ अमावास्येच्या सणाला) घरी आलेली पोरं सोबत मोबाइल घेऊन. "ताई, कॅमस्कॅनर करून पाठवा की," असं सगळेच म्हणतात. ते ॲप आपल्याकडं 29 जून 2020 ला बंदी घातलेल्या 59 ॲपमध्ये होतं. साडेचार वर्षं झाली, पण शब्द राहिला. जसं झेरॉक्स.

पाठवण्याबद्दल : व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, अक्षराच्या कडा खातात. पाठवायचाच तर "डॉक्युमेंट" म्हणून. एका ताईंनी सातबारा तीन जणांकडून फिरत फिरत आलेला आणला होता. गट नंबर वाचता येईना.

मजकूर ओळखण्याचा प्रयोगही केला. छापील मराठी बऱ्यापैकी निघतं. टाइप केलेल्या जुन्या नकलेत "खरेदीखत"चं "रवरेदीरवत" झालं, ख तुटून र आणि व झाला. हे शोधून बदलता येतं. आकड्यांचं मात्र भय वाटलं. मराठी एकाचा आकडा नवाचा झाला, आणि वाक्य चुकलं की जसं खटकतं तसं आकडा चुकला की खटकत नाही. तो गुपचूप बसतो. 1 एकर आणि 9 एकर, दोन्ही खरे वाटतात. त्यामुळं नियम : आकडे यंत्राकडून घ्यायचे नाहीत, कागदाकडं बघून हातानं टंकायचे. हाताचं लिखाण आणि मोडी तर सोडूनच दिलं. मोडीला युनिकोडमध्ये 2014 साली जागा मिळाली, पण आमच्याकडच्या त्या पळत्या हाताला वाचणारं माणूसच लागतं.

24 डिसेंबर, मंगळवार

आजची नोंद सविस्तर लिहिते, कारण चूक माझी आहे आणि ती पुन्हा होता कामा नये.

आज्जी दुपारी आल्या. त्यांना लॅपटॉपवर त्यांचे कागद दाखवावेत म्हणून बसवलं. एकेक पान पुढं नेत होते. त्या वाचत नाहीत, पण कागद ओळखतात. सारा पावती ओळखली, नोटीस ओळखली. 38-ई चं पान आलं आणि त्या गप्प झाल्या.

"ह्यो कुणाचा कागद?"

म्हटलं, आज्जी, तुमचाच. मामंजींच्या नावाचा.

"न्हाई. आमच्या कागदाला मामंजीचा अंगठा हाय. खाली, डाव्या अंगाला. मला अक्षर येत न्हाई माय, मी अंगठ्यावरनं वळखते."

मी पान मोठं केलं. खाली डावीकडं कोरा पांढरा कागद. अंगठा नव्हता. मागची पानं उघडत गेले. तीन पानांवर ॲपनं कड कापताना शेवटची ओळ उडवली होती. पावत्यांवरचे निळसर शिक्के फिकट राखाडी झाले होते, दोन तर नाहीतच. आणि अंगठा? मी त्या पानावर "डाग काढा" वापरलं होतं, मला आठवतंय, मातीचा एक मोठा डाग होता म्हणून. जांभळ्या शाईचा फिकट अंगठा ॲपच्या लेखी डागच. आजूबाजूच्या कागदाच्या रंगानं भरून टाकला.

मूळ फोटो मी ठेवले नव्हते. साफ केलेली पीडीएफ तेवढी ठेवली आणि जागा वाचवायला बाकी पुसलं. आणि मूळ कागद पुण्यात.

आज्जी रागावल्या नाहीत. "आसू दे, कागद हाय की पोराकडं," म्हणाल्या. मला झोप लागत नाही. एका माणसानं उभ्या आयुष्यात सरकारी कागदावर केलेली एकमेव खूण, ती भूकंपातून वाचली आणि माझ्या बोटाच्या एका टिचकीनं गेली असती.

25 डिसेंबर, बुधवार

नवीन पद्धत लिहून भिंतीला लावली :

आधी फोनच्या साध्या कॅमेऱ्यानं रंगीत फोटो. चारी कडांच्या बाहेर बोटभर काळा फळा दिसलाच पाहिजे. कागदाची पाठपण घ्यायची, कोरी असली तरी. हा फोटो "मूळ" नावाच्या फोल्डरमध्ये, त्याला हात लावायचा नाही. मग त्याची प्रत ॲपमध्ये उघडून कापणं, सरळ करणं, उजळवणं, जे करायचं ते त्या प्रतीवर. काळा-पांढरा फिल्टर फक्त छापील कागदाला आणि फक्त पाठवण्यापुरता. डाग काढण्याचं बटण बंद.

पहिली 63 पानं पुन्हा करायची.

28 डिसेंबर, शनिवार

51 पानं पुन्हा झाली. मातीचे डाग या वेळी तसेच ठेवलेत. ते डागही त्या कागदाचे आहेत.

नावं देण्याची पद्धतही बदलली. नुसते 1, 2, 3 दिले की काही ठिकाणी संगणक 1 नंतर 10 लावतो आणि पानं उलटीपालटी होतात. आता 001, 002. फसली (महसुली) सन असेल तर तोच आधी लिहायचा आणि पुढं इसवी. निजामाच्या काळातल्या फसली सनात साधारण 590 मिळवले की इसवी येतो. एका मुंतखबावर (निजामी काळच्या इनामाच्या कागदावर) 1353 आहे, म्हणजे 1943-44. आधी मी त्याला 1953 ची चूक समजून बसले होते.

30 डिसेंबर, सोमवार

येळवस. काम बंद. सगळं गाव शिवारात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. आज्जींच्या रानात आम्हाला बोलावणं होतं. नातू पुण्याहून आलाय, कागद घेऊन आलाय, गाडीच्या डिकीत ठेवलाय.

तो म्हणाला, ताई, इथंच करून टाका, उजेड किती छान आहे. उजेड खरंच सुंदर होता, कोपीच्या सावलीत मऊ आणि सारखा. पण वारा होता, आणि सगळ्यांचे हात भज्जीचे. उद्या म्हटलं.

हे रान त्याच कागदावरचं. आज्जी बांधावर आंबील शिंपडत फिरत होत्या, "ओलगे ओलगे सालम पलगे" म्हणत, आणि मागं पणतवंडं.

31 डिसेंबर, मंगळवार

सकाळी पावणेनऊ. 38-ई चा कागद फळ्यावर ठेवला. चौघडी केलेला, घडीवर विरलाय. काच ठेवली नाही, घडी मोडेल. कोपऱ्यांवर पोस्टकार्डाच्या पट्ट्या आणि त्यावर रुपयाची नाणी.

अंगठा आहे. डाव्या कोपऱ्यात, जरा तिरका, वरच्या बाजूला शाई जास्त झालेली. मोठं करून बघितलं तर रेषा मोजता येतात आणि मधून एक आडवी चीर गेलेली, विळ्याची किंवा दोरखंडाची असावी. चीर आज्जींना दाखवली. "मोटेचा नाडा लागल्याला," म्हणाल्या. त्यांनी ती सासऱ्यांच्या हातावर बघितलेली होती.

आणि आणखी एक सापडलं, जे पहिल्या वेळी डोळ्यालाही दिसलं नव्हतं. उजव्या समासात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय. समोरून जवळजवळ काहीच दिसत नाही. फळा खिडकीकडं तिरका केला, उजेड कागदावरून सरपटत गेला पाहिजे असा, आणि पेन्सिलीचं शिसं चमकलं. तसा दुसरा फोटो घेतला. प्रतीवर रंग काढून राखाडी केला, कॉन्ट्रास्ट हळूहळू वाढवत नेला. "फे. 21" स्पष्ट. पुढचा आकडा चार की नऊ?

एडिटिंगला मी गेल्या आठवडाभर दोष देत होते, तो मागे घेते. मूळ शाबूत असलं की एडिटिंगसारखी मदत नाही. समासातलं ते अक्षर साठ वर्षांत कुणी वाचलं नसेल.

फे. म्हणजे फेरफार, जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, गाव नमुना सहा. या प्रमाणपत्रावरून जी नोंद धरली तिचा नंबर कुणीतरी समासात टिपून ठेवला.

आज्जी म्हणाल्या, "पटवारी आप्पा कानाला पेन्सिल लावून यायचे. शाई लागली की आमच्याकडनं मागायचे, आमच्याकडं कुठली शाई."

4 जानेवारी 2025, शनिवार

वकिलांनी नातवाला पुण्यात नेमकं हेच विचारलं होतं : फेरफार कुठाय? आता अर्जात 214 आणि 219 दोन्ही लिहून तालुक्याला नकलेची मागणी केली.

गावात एक गैरसमज पसरतोय, तो मोडायला पाहिजे. "ताईकडं फोनवर आलंय, आता मूळ जपायची गरज न्हाई." एका दादांनी जुनी पुडकी चुलीला लावायची भाषा केली. नाही. फोनमधलं स्कॅन ही आपली सोय आहे. कचेरीत, कोर्टात मूळ लागतं नाहीतर शिक्क्याची खरी नक्कल. आजपासून पेनड्राइव्ह देताना हे तोंडानं सांगायचं, चिठ्ठीवर नाही.

9 जानेवारी, गुरुवार

दोन आधार कार्डं आली. एका भाऊंनी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी पीडीएफमध्ये नंबरावर काळी चौकट ओढून पाठवली होती. मी ती फाइल उघडली, चौकट धरून बाजूला सरकवली, खाली नंबर जसाच्या तसा. ते बघून भाऊ चपापले. चौकट म्हणजे वर ठेवलेला कागद, नंबर खाली असतोच. झाकायचं तर झाकलेल्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन त्या चित्राची नवी फाइल करायची, आणि चौकट पूर्ण काळी, हायलायटरनं गडद केलेली नाही. आधारचं तर मास्क केलेलं कार्ड सरळ उतरवता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

लोकांचे कागद क्लाउडवर टाकायचे नाहीत असं आधीपासून ठरलंय. आज तपासलं तर ॲप आपोआप चढवत होतं. बंद केलं, चढलेलं पुसलं, आणि ज्या सहा घरांचे कागद होते त्यांना जाऊन सांगितलं.

14 जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम नाही.

18 जानेवारी, शनिवार

नकाशाचे 12 तुकडे घेतले. दोन हलले, पुन्हा घ्यावे लागतील. कापडाला वाळवीनं दोन भोकं पाडलीत, त्यातल्या एकात ओढा जातो.

एकूण 417 पानं, 19 घरं. तीन ठिकाणी प्रती : वाचनालयाचा लॅपटॉप, एक हार्ड डिस्क लातूरला बहिणीकडं, आणि ज्याची त्याच्याकडं पेनड्राइव्ह. एकाच गावात तिन्ही ठेवायच्या नाहीत. हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

25 जानेवारी, शनिवार

नक्कल मिळाली. फेरफार 219. नऊच होता.

नोंदीत आज्जींच्या सासऱ्यांचं नाव, क्षेत्र, आणि खाली मंजुरी. हीही नक्कल आज स्कॅन केली, आधी मूळ फोटो, चारी कडा, पाठ. 38-ई च्या फोल्डरमध्ये 003 म्हणून ठेवली. आज्जींनी कागद हातात घेतला, खालच्या डाव्या कोपऱ्यात बघितलं, आणि विचारलं, "ह्याच्यावर अंगठा न्हाई?"

म्हटलं, नाही आज्जी, ह्याला लागत नाही.

"मग त्यो पैला वर ठेव," म्हणाल्या. वर ठेवला.